गावठाणातली मिस्सा आणि टॉवरमधली माणसं

पत्र थोडक्यात असं : ठाण्यातल्या एका जुन्या गावठाणात राहणाऱ्या या ताई ५८ वर्षांच्या आहेत. महापालिकेच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या. घर ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातलं. चर्चची जागा सासऱ्यांच्या आजोबांनी दिली, असं घरात सांगत आले आहेत. लग्न होऊन आल्यापासून ताई मराठी कोयर, म्हणजे चर्चमधला गायनवृंद, सांभाळतात, आणि सध्या पॅरिशच्या (एका चर्चभोवतीच्या समुदायाच्या) कौन्सिलवरही आहेत. रविवारी सकाळी सातच्या मराठी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) आता सत्तर-ऐंशी माणसं येतात, तीही बहुतेक साठीच्या पुढची. इंग्रजी मिस्सांना मात्र नव्या टॉवरमधली माणसं येतात आणि बाहेर खुर्च्या टाकाव्या लागतात. पॅरिशने पुढच्या दहा वर्षांचा आराखडा करायला घेतला आहे आणि त्यासाठी व्हॉट्सॲपवर एक इंग्रजी फॉर्म फिरला. कौन्सिलपुढे दोन प्रस्ताव आहेत. मराठी मिस्सा महिन्यातून एकदाच ठेवावी, आणि जुना हॉल पाडून एसी हॉल आणि पार्किंग करावं. ताईंनी विरोध केला तेव्हा एक तरुण सदस्य म्हणाला, "आता आपण गावाचं चर्च राहिलो नाही." ताईंचे पती म्हणतात, जागा आपली, आपण का वाकायचं? कॅनडातला मुलगा म्हणतो, "आई, सोड आता. ते चर्च तुमचं राहिलेलं नाही." ताईंचा प्रश्न असा : राजीनामा देऊन शेजारच्या पॅरिशमध्ये जाऊ, की गावातल्या सगळ्यांना गोळा करून भांडू?

ताई,

नाताळच्या रात्री मांडवाच्या दारात एका स्वयंसेवक मुलाने तुम्हाला विचारलं, "आंटी, तुम्ही ह्याच पॅरिशच्या ना?" ही गोष्ट तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मला वाटतं, तुमचं सगळं पत्र तिथून सुरू होतं. त्या मुलाच्या मनात वाईट काही नव्हतं, हेही तुम्हीच लिहिता. तरी ते लागलं, आणि लागणारच. समजुतीच्या चार गोष्टी सांगून ते दुखणं जाणार नाही, म्हणून मी त्या सांगणार नाही. एवढीच विनंती करते की हे दुखणं आणि मराठी मिस्साचा प्रश्न वेगवेगळे ठेवा. दोन्ही एकात गुंतले, की कौन्सिलमध्ये तुम्ही बोलता मिस्साविषयी आणि समोरच्याला ऐकू येतो तो तुमचा राग.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना टांगणी नको. राजीनामा देऊ नका. आणि भांडायचंच असेल तर 'जागा आमची' या मुद्द्यावर अजिबात भांडू नका. मराठी मिस्सा वाचावी असं मला मनापासून वाटतं. पण ती ज्या कारणासाठी वाचायला हवी, ते कारण तुमच्या पत्रात एका ओळीपुरतंच आलं आहे.

आधी जागेचं. यजमानांचा अभिमान खोटा नाही. सासऱ्यांच्या आजोबांनी जागा दिली असेल तर ती मोठी गोष्ट आहे, आणि त्याची नोंद पॅरिशच्या इतिहासात ठळक असायला हवी. पण दिली म्हणजे दिली. १९८३ च्या चर्चच्या कायदेसंहितेतलं ५१५ वं कलम पॅरिशची व्याख्या करताना इमारत किंवा जमीन म्हणत नाही, श्रद्धावंतांचा समूह म्हणते. तो समूह बदलत राहतो. शिवाय या मुद्द्याचा व्यवहारातला तोटाही बघा. 'जागा आमची' म्हटलं, की वागळे इस्टेटच्या कारखान्यात नोकरीला आलेला मंगळुरी माणूस, ज्याने पुढची चाळीस वर्षं याच चर्चला वर्गणी दिली, तो विचारणारच, मग आम्ही कोण? त्याच्याजवळही पावत्या आहेत. हा वाद कोणीच जिंकत नाही.

ठाण्याच्या ख्रिस्ती लोकांची फार जुनी लेखी आठवण आहे, ती इथे सांगण्यासारखी आहे. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघाचे संन्यासी, कोल्लमला जायचे होते, पण वाऱ्यामुळे त्यांचं जहाज ठाण्याला लागलं. इथे तेव्हा नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या चर्चचे, ख्रिस्ती राहत होते. त्यांतल्याच एका घराने या अनोळखी माणसांना ठेवून घेतलं. भाषा वेगळी, रीत वेगळी, चर्चही वेगळं. पुढे त्या चौघांचा याच शहरात वध झाला, आणि म्हणून ते इतिहासात राहिले. काही वर्षांनी आलेल्या ओदोरिको नावाच्या फ्रान्सिस्कन प्रवाशाने ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं असल्याचं लिहून ठेवलंय. त्या पंधरांतलं दार उघडणारं घर कोणाचं, कोणालाच ठाऊक नाही. तुमची मुळं यापेक्षा बऱ्याच नंतरची, पोर्तुगीज काळातली, हे तुम्ही जाणता. तरी ठाण्यात 'मूळचे' आणि 'आलेले' हा प्रश्न सातशे वर्षांचा आहे, आणि त्याचं पहिलं उत्तर एका मूळच्या घराने दिलेलं आहे. यजमानांना हे जरूर वाचून दाखवा.

हा प्रश्न ईस्ट इंडियन समाजाला नवा नाहीच. १८८७ साली मुंबईत ईस्ट इंडियन असोसिएशन निघाली, तेव्हाही गोव्याहून आणि मंगळुरूहून नोकऱ्यांसाठी येणाऱ्या कॅथलिक मंडळींच्या गर्दीत आपलं काय होणार, ही काळजी होतीच. समाज त्यानंतरही टिकला. लग्नातली उंबराचं पाणी आणायची रीत टिकली, ऑक्टोबरातला आगेरा हा सुगीचा सण टिकला. जे घरात आणि आळीत जगलं, ते टिकलं.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताकडे येते. पत्रभर सूर असा आहे की टॉवरवाल्यांनी मराठी मिस्सा संपवली. पण घोडबंदर रोडच्या टॉवरमधली माणसं मराठी मिस्साला कधी येतच नव्हती, त्यामुळे ती कमीही झाली नाहीत. कमी झाली ती गावठाणातली मुलं. तुम्हीच लिहिता की पुतणे-पुतण्या नऊच्या इंग्रजी मिस्साला जातात, कारण त्यांचे शाळेतले मित्र तिथे असतात. तुमचा मुलगाही इथे होता तोवर तिथेच जायचा. यात मी कुणालाही दोष देत नाही. इंग्रजी शाळेत घातलं ते पोटाच्या काळजीनेच, आणि ती काळजी रास्त होती. पण कौन्सिलमध्ये उभं राहून 'तुम्ही आमची मिस्सा घालवलीत' म्हणायच्या आधी हे स्वतःशी कबूल केलेलं बरं. नाहीतर समोरून कोणीतरी तुमच्याच पुतण्याचं नाव घेईल.

आणखी एक. मराठी मिस्सा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे असं तुम्ही लिहिलंय. मातृभाषेतल्या उपासनेचं दार दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उघडलं. तुमच्या सासूबाईंच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्येच व्हायची. वेदीवर लॅटिन चालायचं आणि बाकावर बायका आपल्या भाषेत जपमाळ ओढायच्या. मराठी तेव्हा होती कुठे? आळीतल्या क्रुसापुढच्या लदीनमध्ये (सगळ्यांनी मिळून म्हणायच्या प्रार्थनेत), लग्नाच्या गाण्यांत, मयताच्या घरी रात्री म्हटलेल्या प्रार्थनांत. म्हणजे मराठी भक्ती फक्त रविवारच्या सातच्या वेळेवर टांगलेली नाही. ही मला दिलाशाची गोष्ट वाटते. मिस्साची वेळ बदलली, तरी आळीतल्या क्रुसापुढे उभं राहायला कौन्सिलचा ठराव लागत नाही.

मग मिस्सासाठी धडपडायचं कशाला? इथे तुमची ती एक ओळ येते. "मागच्या बाकांवर आठ-दहा नवे चेहरे असतात, पण मिस्सा संपली की लगेच निघून जातात." ताई, या माणसांशी तुम्ही बोललात का?

मला जेवढं दिसतं त्यावरून अंदाज करते. ही मंडळी नगर, जालना, संभाजीनगर, नाशिककडची मराठी कॅथलिक असतील. कळवा, दिवा, लोकमान्यनगर, किसननगर भागात भाड्याच्या खोलीत राहतात. कोणी कुरिअरचं काम करतो, कोणी सिक्युरिटीत आहे, कोणी नर्सिंग होममध्ये आया. गावाकडे लहानपणापासून मराठीतच प्रार्थना केलेली. इंग्रजी मिस्सात त्यांना कुठे उठायचं, कुठे बसायचं एवढंच कळतं. ते निघून जातात कारण रात्रपाळी संपवून आलेले असतात किंवा आठची ड्यूटी असते, आणि थांबून बोलावं असं त्यांना कुणी म्हणत नाही. पॅरिशच्या रजिस्टरमध्ये त्यांचं फॅमिली कार्ड नाही. अकरा महिन्यांच्या भाडेकराराने घर बदलणाऱ्याचं कार्ड कोण बनवणार? तुमच्यासाठी मराठी मिस्सा हा वारसा आहे. त्यांच्यासाठी ती गरज आहे. वारशाच्या नावावर महिन्यातून एक मिस्सा पुरते, असं कौन्सिल म्हणू शकते. या माणसांना समोर बसवून तसं म्हणणं जड जाईल.

आणि यांच्याही मागे कोणी आहे का, तेही बघा. टॉवरमधल्या घरांत राहून काम करणाऱ्या झारखंड, छत्तीसगड, ओडिशाकडच्या मुली असतात. त्यांतल्या बऱ्याच कॅथलिक असतात. रविवारी दोन तास सुट्टी मिळाली तर त्या चर्चला येतात, नाहीतर नाही. त्या कोणाच्याच 'फॅमिली'त मोजल्या जात नाहीत. ज्या घरात त्या काम करतात ते घर कधी कधी आपल्याच पॅरिशचं असतं, मालकीण पुढच्या बाकावर असते. दहा वर्षांच्या आराखड्यात या मुलींचं नाव नसेल, तर तो आराखडा हॉलचा आहे, पॅरिशचा नाही. हे मी स्पष्टच लिहिते, कारण ते लिहायला कौन्सिलमधलं कोणी धजणार नाही.

म्हणून पहिलं काम फॉर्मचं. तुम्ही रागाने तो भरलाच नाही, असं लिहिलंय. राग बाजूला ठेवून तो मागवा आणि त्याचं मराठी करा. तुम्ही शिक्षिका आहात, हे तुमच्याइतकं नीट कुणाला जमणार? हिंदी कुणाकडून तरी करून घ्या. प्रश्न कमी करा. 'तुमच्या पॅरिशविषयीच्या अपेक्षा' असल्या प्रश्नाला माणसं गप्प बसतात. 'रविवारी तुम्हाला कधी सुट्टी असते?', 'आजारी पडलात तर चर्चमधून कोणी आलं होतं का?', 'इथे तुमच्या ओळखीचं कोण आहे?' हे विचारा. कागद वाटू नका, दोघी-दोघींनी जाऊन बसा. एक गावठाणातली आणि एक टॉवरमधली, अशी जोडी करा. कोयरमधल्या बायकांना हे काम येतं. मयताच्या घरी न सांगता जाऊन चहा टाकणाऱ्या याच असतात. जोडीचा आग्रह धरा, कारण आपण एकट्या गेलो तर आपल्या मनात जे आहे तेच ऐकून परत येतो.

टॉवरमध्ये एक अडचण येईल. गेटवर नाव सांगायचं, मग सिक्युरिटीवाला ॲपवरून वर विचारतो, वरच्याने मोबाईलवर मंजुरी द्यायची. एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या आजोबांना ती मंजुरी देता येत नाही, आणि तुम्ही गेटवरूनच परत येता. अशी घरं आहेत जिथे आजारी माणसाला कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र प्रसाद, द्यायला येणारासुद्धा खाली ताटकळतो. मुलं दुबईत किंवा टोरंटोत, आणि आई अठराव्या मजल्यावर टीव्हीवरची मिस्सा बघते. तुम्ही ज्यांना 'टॉवरवाले' म्हणता, त्यांत या बाईही आहेत. बैठ्या घरातल्या म्हातारीला निदान शेजारीण हाक तरी मारते. अशा प्रत्येक बिल्डिंगमध्ये पॅरिशचं एक ओळखीचं माणूस हवं, ज्याच्याकडे त्या मजल्याचा नंबर आहे आणि जे सोसायटीच्या ऑफिसात बोलून ठेवू शकतं. फार पैसे लागणारं काम नाही हे.

आता मिस्साची वेळ. रोज जागरण करणाऱ्या माणसाला सातची वेळ सोयीची आहे का, हे फॉर्ममधून कळेल. कदाचित रविवारी संध्याकाळी चार किंवा पाच ही वेळ जास्त चालेल. तसं निघालं तर सातचा हट्ट सोडा. तुमच्या वयाच्या बायकांना सातची सवय आहे आणि संध्याकाळी गुडघे दुखतात, हे मला कळतं. पण थोडी गैरसोय सोसायची वेळ आली तर आधी आपण सोसावी. कौन्सिलपुढे मागणी अशी ठेवा : मराठी मिस्सा दर रविवारी एक वर्ष चालू राहू दे, वेळ आम्ही लोकांना विचारून सुचवतो, आणि वर्षाने पुन्हा बसून बघू. मुदत घातलेल्या मागणीला फादर सहसा नाही म्हणत नाहीत. कायमचा शब्द मागितलात तर मिळणार नाही, आणि मिळाला तरी नवे फादर आले की प्रश्न पुन्हा उभा राहील.

कोणीतरी दोन भाषा मिसळलेल्या मिस्साचा पर्याय मांडेल. सणाच्या दिवशी, आगेऱ्याला, पॅरिशच्या वाढदिवसाला तो छान आहे. एक वाचन मल्याळममध्ये, एक कोंकणीत, गीत मराठीत. दर रविवारी मात्र तो मला पटत नाही. अर्धं अर्धं झालं की कुणाचंच लक्ष लागत नाही, आणि प्रत्येक जण आपल्या भाषेची पाळी येण्याची वाट बघत बसतो.

मुलांविषयी एक सुचवते, कारण ती या गोष्टीतली सगळ्यात आशेची बाजू आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. म्हणजे नऊच्या मिस्साला येणारा मल्याळी, तमिळ, मंगळुरी मुलगाही आज शाळेत मराठीचा धडा वाचतो. तुमच्याकडे देवनागरी वाचणारी पोरं आहेत, फक्त त्यांना कुणी बोलावलेलं नाही. सातवी-आठवीतल्या दोन मुलांना महिन्याभरात एक वाचन नीट तयार करून द्या. अर्थ सांगा, कुठे थांबायचं ते सांगा, 'ज्ञ' आणि 'ऱ्या'वर अडखळतील तिथे पेन्सिलने खूण करून द्या. ज्या दिवशी एखाद्या जोसेफची मुलगी मराठी वाचन करेल, त्या दिवशी तिचे आईवडील आणि आजी मराठी मिस्साला येऊन बसतील, फोटो काढतील, व्हॉट्सॲपवर टाकतील. हे मी हलकं समजत नाही. माणसं चर्चला अशीच जोडली जातात. कोयरच्या वहीचंही तसंच करा. वर्षानुवर्षांच्या झेरॉक्सची झेरॉक्स, त्यात अर्धी अक्षरं उडालेली, ती वही नवीन माणसाच्या हातात दिली तर तो ओठ हलवून गप्प बसतो. एकदा स्वच्छ टाइप करून घ्या.

हॉलबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तुमच्या पत्रात आकडेच नाहीत. आणि खरं तर तोच मुद्दा आहे. कौन्सिलमधल्या किती जणांना आकडे माहीत आहेत? कायदेसंहितेच्या ५३७ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक पॅरिशला आर्थिक समिती असावीच लागते. १२८७ व्या कलमात लोकांनी दिलेल्या दानाचा हिशोब लोकांना द्यावा असं म्हटलंय. २०२४ मध्ये संपलेल्या सिनॉडच्या, म्हणजे रोममधल्या जागतिक चर्च-सभेच्या, अंतिम दस्तऐवजातही वार्षिक हिशोब प्रसिद्ध करण्यावर भर आहे. म्हणून हॉलला विरोध करायच्या आधी सभ्यपणे विचारा : खर्च किती, पैसे कुठून, देखभाल आणि विजेचं बिल कोण भरणार, लग्नांच्या भाड्यातून किती येईल, आणि बांधकाम चालेल तेवढी वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग कुठे भरणार? इतकं मोठं काम फादर एकट्याने ठरवतही नाहीत, वरून परवानगी लागते, आणि तिथेही हेच प्रश्न विचारले जातील. एक प्रश्न माझाही घाला : मंगळवारी सकाळी अकरा वाजता या हॉलमध्ये कोण असेल? उत्तर 'कोणी नाही' असेल, तर एकट्या म्हाताऱ्यांना दुपारपर्यंत बसता येईल अशी एक खोली तळमजल्यावर आराखड्यात धरायला सांगा. हॉल की म्हातारी माणसं, असं भांडण लावू नका. दोन्ही होऊ शकतं.

कौन्सिलच्या बैठकीत इंग्रजी चालते आणि तुम्ही गप्प राहता, ही खरी अडचण आहे, ती मनाचा खेळ नाही. तुम्ही मराठीत बोला. समोरच्या बहुतेकांना कळते. भाजीवाल्याशी आणि रिक्षावाल्याशी ते मराठीच बोलतात. विषयपत्रिका चार दिवस आधी मराठीतही द्या, एवढी मागणी करा. हेही लक्षात ठेवा की ५३६ व्या कलमानुसार कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं असतं. हात मोजून तुम्ही जिंकलात तरी निर्णय फादरांचाच. म्हणून गावातली माणसं गोळा करून बैठकीत घुसण्याचा उपयोग नाही. त्याने दहा वर्षांच्या आराखड्याऐवजी दहा वर्षांची अढी तयार होईल. आपलं मत धर्मगुरूंना कळवण्याचा हक्क मात्र २१२ व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे, काही वेळा ते कर्तव्यही ठरतं. तो हक्क कागदावर वापरा.

शेजारच्या पॅरिशचा विचार मनात आला, यात गैर काही नाही. मिस्साला तुम्ही कुठेही जाऊ शकता, कुणी अडवणार नाही. पण पॅरिश साधारणपणे हद्दीने ठरतं, त्यामुळे घरातल्या लग्नाचे कागद आणि दफनविधी यांसाठी तुम्हाला सहसा इथेच यावं लागेल. थोडे दिवस मन निवेपर्यंत तिकडे गेलात तर जा. कौन्सिलची मुदत मात्र पुरी करा. आणि या मुदतीत कोयरमधल्या दोघींना तयार करा. पेटी कोण वाजवणार, चावी कोणाकडे, सणाची गीतं कोण निवडणार, हे सगळं आज एकट्या तुमच्या डोक्यात आहे. मराठी मिस्साला कौन्सिलच्या ठरावाइतकाच यापासूनही धोका आहे.

मुलाचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण त्याला एक प्रश्न विचारा. तो तिकडे ज्या चर्चला जातो, तिथे तोच 'बाहेरून आलेला' आहे. तिथल्या जुन्या माणसांनी पहिल्या रविवारी त्याच्याशी काय केलं? कुणी नाव विचारलं? कुणी दुसऱ्या आठवड्यात ओळखलं? तो जे सांगेल ते लिहून ठेवा. चांगलं सांगितलं तर तसं इथे करा, वाईट सांगितलं तर तेवढं टाळा. घोडबंदर रोडवरच्या पॅरिशला नवीन माणसाचं स्वागत कसं करावं, याचा याहून उपयोगी फॉर्म मला माहीत नाही.

नवी मुंबईतल्या वाचकांना यातलं बरंचसं उलटं वाटेल. ऐरोली, वाशी, नेरूळकडच्या सिडकोच्या वसाहतींत चर्चच्या बाकांवर बहुतेक सगळेच आलेले; पायरीवर बसून 'हे आमचं' म्हणणारी जुनी माणसं तिथे थोडी. पण त्यांनीही आपापल्या पॅरिशमध्ये एवढं बघावं की रजिस्टरमध्ये कोण नाही. आणि तो तरुण सदस्य हे वाचत असेल तर त्याला माझं सांगणं आहे. तुम्ही म्हणालात ते आकड्यांनी खरं असेल. पण हे गावाचं चर्च होतं म्हणूनच तुम्ही आलात तेव्हा ते इथे उभं होतं. ताईंना भेटून पन्नास वर्षांपूर्वी इथे काय होतं ते विचारा, आणि फॉर्मच्या घरभेटींना त्यांच्या जोडीला स्वतः जा.

ताई, फादरांना पत्र लिहा. मराठीत, एका पानात. त्यात जागेचा आणि नाताळच्या रात्रीचा उल्लेख नको. मागच्या बाकांवरच्या माणसांविषयी लिहा, म्हणजे आधी या रविवारी दारात थांबून त्यांना गाठा, त्यांची नावं विचारा. मग तीन मागण्या : फॉर्म मराठी-हिंदीत आणि घरी जाऊन, मराठी मिस्सा एक वर्ष दर रविवारी, आणि हॉलचे आकडे कौन्सिलपुढे. घरभेटींसाठी तुम्ही आणि आणखी कोण तयार आहे, त्यांची नावंही खाली द्या; मागणाऱ्याने काम अंगावर घेतलेलं दिसलं की पत्र बाजूला पडत नाही. बैठकीच्या आठ दिवस आधी ते फादरांच्या हातात द्या, एक प्रत सेक्रेटरीकडे देऊन विषयपत्रिकेत घ्यायला सांगा, आणि उत्तर काय आलं ते मला कळवा.